फोटोला परवाना, मोळीला पंचनामा



वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. त्याचे कलम 28 एकदा कोणाकडून तरी वाचून घ्या. अभयारण्यात शिरण्याचा परवाना कोणकोणत्या कामासाठी द्यावा याची तिथे यादी आहे. अभ्यास, संशोधन, पर्यटन, आणि नीट ऐका, छायाचित्रण! 2022 साली कायदा दुरुस्त झाला तेव्हा छायाचित्रणाच्या शेजारी चित्रीकरणही बसवले गेले. आता त्याच्याच पुढचे कलम 29 पाहा. वनोपज नेण्यास मनाई. आत आणि आसपास राहणाऱ्यांनी फार तर घरच्या गरजेपुरते वापरावे, धंद्यासाठी मुळीच नाही. पुढे कलम 33, गुरे चरू द्यायची की नाही हे वनखात्याचे साहेब ठरवणार. सारांश असा की शहरातला माणूस जंगलाचे चित्र काढून नेईल तो पाहुणा, आणि त्याच जंगलाकाठी जन्मलेली बाई हिरड्याचे पोते बाजारात नेईल तर या कायद्याच्या लेखी ती गुन्हेगार.

कोणी म्हणेल, फोटो काढल्याने जंगलाचे काय जाते? असे म्हणणाऱ्याने जुलैत भंडारदऱ्याला यावे. धबधब्याकडे तोंड करून उभे राहू नये. पाठ करून उभे राहावे. मागे भातखाचरे दिसतील.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 साली जाहीर झाले. त्याच्या आत घाटघर, रतनवाडी, साम्रद अशी गावे आहेत. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची, शेती पावसावरच्या भाताची. जुलै म्हणजे आवणीचा महिना. रोप वयात आलेले असते, ते आठवडाभर जरी लांबले तरी फुटवा कमी पडतो आणि उताऱ्यात मार बसतो. पाऊस धरून चिखलणी करायची, माणसे जमवायची, हे सगळे त्याच पंधरवड्यात. आणि नेमक्या त्याच शनिवार-रविवारी रस्ता गाड्यांनी बंद होतो. औत पलीकडे नेता येत नाही. गाडी लावायला जागा नाही म्हणून ती बांधावर चढते. बांध खचला की खाचरातले पाणी निघून जाते, चिखल पुन्हा घट्ट होतो, आणि केलेली मेहनत पहिल्यापासून करावी लागते. याचा पंचनामा होत नाही, कारण नैसर्गिक आपत्तीच्या नियमात ‘पर्यटक’ नावाची आपत्ती नाही.

बाटल्यांची गोष्ट त्याहून वाईट. फुटलेली काच चिखलात दिसत नाही. आवणी करणाऱ्या बायका अनवाणी, बैलही अनवाणी. कापलेला पाय चिखलात तसाच ठेवून दिवसभर वाकून काम करणारी बाई त्या निसर्गरम्य फोटोत लांबून फार छान दिसते. रंगीत ठिपका.

आता काजव्यांकडे वळू. मेअखेरीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत इथे काजवे बघायला गर्दी लोटते. मी शेतकी कॉलेजात कीटकशास्त्र शिकलो म्हणून दोन शब्द सांगतो. काजवा हा शोभेसाठी लुकलुकत नाही. नर-मादी त्या उजेडाने एकमेकांना खुणावतात. मोटारीचे दिवे आणि मोबाइलचा झोत त्यांच्यावर पडला की ती खूण दिसेनाशी होते, जोडी जमत नाही, अंडी पडत नाहीत. काजव्याच्या अळ्या ओल्या मातीत, पालापाचोळ्यात वाढतात आणि गोगलगायी खातात, म्हणजे त्या शेतकऱ्याच्या कामाच्या आहेत. ती माती हजारो पायांनी तुडवली जाते. ज्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाच्या झाडांवर हे काजवे लगडतात ती झाडे उभी राहिली ती कोणामुळे? हिरडा हे घरात रोख पैसा आणणारे झाड आहे म्हणून लोकांनी ते राखले. त्याच लोकांनी राबासाठी चार फांद्या तोडल्या की मात्र जंगल धोक्यात येते!

पाण्याचाही हिशेब मांडून ठेवू. प्रवरेवरचे इथले धरण 1926 साली पुरे झाले. पाणी खाली गेले, साखर पिकली. खालचा बागायतदार आपलाच भाऊ आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण धरणाच्या मोरीतून पाणी सुटले की ‘अंब्रेला फॉल’ म्हणून त्याचे फोटो निघतात, आणि वरच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बाई हंडा घेऊन फिरते. त्या हंड्याचेही फोटो निघतात म्हणा.

आपल्यातलेही काही मला विचारतात, ‘साहेब, पोरांनी तंबू लावले, चार पैसे मिळाले, तुमच्या पोटात का दुखते?’ माझ्या पोटात अजिबात दुखत नाही. पोरांनी पैसा कमवावाच. पुरात, कड्यावर कोणी अडकले तर दोर घेऊन आधी धावतात तीही हीच पोरे. पण रस्त्यालगतची जमीन विकून तिथेच चहाची कपबशी धुवायची, याला मी धंदा म्हणत नाही. आणि नाक्यावर प्रवेशाची पावती फाडली जाते ती कोणाच्या ठरावाने, हे विचारायला का घाबरता? संयुक्त वनव्यवस्थापन समितीत अध्यक्ष गावचा असतो, पण सचिव खात्याचा. लेखणी कोणाच्या हातात, ते समजून घ्या.

यावरचा कायदाही आहेच, तो आपण वापरत नाही. वनहक्क कायदा 2006 चा. त्यात वनजमीन म्हणजे अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानही, असे स्पष्ट लिहिले आहे. कलम 3 गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क देते, सामूहिक वनसंपत्ती सांभाळण्याचा हक्क देते. कलम 5 त्याहून पुढे जाते. सामूहिक वनक्षेत्रात कोणी यावे-जावे याचे नियमन करणे, आणि वन्यप्राणी, जंगल, जैवविविधता यांना अपाय करणारे कोणतेही काम थांबवणे, हा निर्णय ग्रामसभेचा. पर्यटन हा शब्द तिथे नाही, पण येण्याजाण्याचे नियमन म्हणजे दुसरे काय? गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने 2009 साली हा सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हातात घेतले. तिथे धबधबा नव्हता, बांबू होता. एवढाच फरक.

तेव्हा जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी घेऊन याव्यात. गेल्या पावसाळ्यात किती बांध मोडले, कोणाच्या गटात, याची यादी. नाक्यावर घेतलेल्या प्रवेश पावतीची एक प्रत. आणि सामूहिक वनसंपत्तीचा दावा उपविभागीय समितीकडे गेला आहे की नाही, गेला असल्यास पोच. ज्यांचा गेला नाही त्यांनी पाड्याची ग्रामसभा आवणीच्या आधी लावावी. गणपूर्तीला निम्मे सभासद लागतात, हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया लागतात. आवणीला लागल्यावर त्या सापडायच्या नाहीत.