‘ग्राहक घरी नाही’ म्हणे!

मागच्या पावसाळ्यात आजीच्या शुगर तपासायच्या पट्ट्या ऑनलाइन मागवल्या. गाव आमचं खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे. पाचव्या दिवशी मेसेज आला, ‘ग्राहक घरी नाही.’ आजी तर सकाळपासून दारातच बसलेली! ती विचारते, ‘मी घरात नाही असं त्यांना कुणी सांगितलं रे?’ शेवटी बाबा भातलावणी सोडून बसने खानापूरला गेले आणि पार्सल घेऊन आले. अख्खा दिवस मोडला.

मी डिलिव्हरीच्या पोराला दोष देत नाही. त्याला पार्सलमागे पैसे मिळतात. एका डब्यासाठी भर पावसात एवढ्या लांब गाडी मारणं त्याला कसं परवडणार? त्यात आमच्याकडे रेंज नसते, फोन लागत नाही. खरी चूक आधीच होते. १९७२ साली टपालखात्याने पिनकोड आणला. खेड्यांत एका पिनकोडात कितीतरी गावं आणि वाड्या येतात. कंपनी मात्र नुसता पिनकोड बघून ‘घरपोच’ म्हणते आणि पैसे घेते.

मित्रहो, आपलं मागणं फार मोठं नाही. येता येत नसेल तर ऑर्डर घेतानाच तसं सांगा. गावातल्या किराणा दुकानात पार्सल ठेवायची सोय करा, आम्ही तिथून नेऊ. आणि आला नाहीत तर ‘आलो नाही’ असंच लिहा. घरात बसलेल्या माणसाला गैरहजर ठरवू नका.