पुन्हा उभी राहिलेली घरे

धैर्याचे गोडवे आपण नेहमीच गातो. परंतु ते धैर्य दाखविण्याची पाळी कोणी कोणावर आणली, हे सहसा विचारीत नाही. आम्हांस तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने तेव्हाच्या औरंगाबाद शहरातील मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. ज्यांनी १९५० साली त्याच शहरी महाविद्यालय काढून गोरगरिबांस उच्च शिक्षणाचे द्वार खुले केले, त्यांचेच हे नाव! तरीही ठरावाची वार्ता पसरताच दंगली उसळल्या. खेडोपाडी गावकुसाबाहेरील दलित वस्त्यांना आगी लावण्यात आल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. लेकरेबाळे घेऊन कित्येक कुटुंबांना परागंदा व्हावे लागले.

परंतु ही माणसे खचली नाहीत. जळालेल्या जागी पुन्हा भिंती उभ्या राहिल्या, पोरे पुन्हा शाळेत गेली. मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले, आणि साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव आले.

असेच अन्यत्रही घडले आहे. अमेरिकेतील टल्सा शहरी १९२१ साली गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची ग्रीनवुड ही वस्ती बेचिराख केली. घरे पुन्हा बांधता येऊ नयेत म्हणून नगरशासनाने जाचक नियम केले. तेव्हा बी. सी. फ्रँकलिन या कृष्णवर्णीय वकिलाने तंबूत कचेरी थाटून त्या नियमांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. ते नियम रद्द झाले आणि वस्ती पुन्हा उभी राहिली.

अशा कुटुंबांना वंदन करावे तेवढे थोडेच. मात्र वंदनाने आपले कर्तव्य संपत नाही. येथे कतारगामात आपण बहुतेक पोटासाठी आलेलो. गावकूस गावीच राहिले, अशी आपली समजूत. पण खोली भाड्याने देताना आडनाव ऐकून जेव्हा 'खोली रिकामी नाही' असे उत्तर मिळते, तेव्हा ते गावकूस आपल्याबरोबरच येथवर आलेले असते.

विद्यार्थिमित्रहो, घर जाळणारा हात एका दिवसात तयार होत नाही. त्याची सुरुवात अशाच लहानशा नकारात असते. तो नकार आपल्या घरी ऐकू आला, तर वडीलधाऱ्यांचा मान राखून, पण निर्भयपणे त्यांस कारण विचारा. दुसऱ्याच्या धैर्याची स्तुती करण्यापेक्षा त्याच्यावर तशी वेळ न येऊ देणे, यातच खरी माणुसकी आहे, असे आम्हांस वाटते.