कार्ड मागणाऱ्याला कलम विचारा!

मोटारसायकल चालवणाऱ्याच्या खिशात लायसन्स असते. चौकात हवालदाराने शिट्टी मारली की गाडी बाजूला घ्यायची आणि लायसन्स काढून दाखवायचे, यात कोणाला अपमान वाटत नाही. मग आधार कार्ड म्हणा, की उद्या येऊ घातलेले राष्ट्रीय ओळखपत्र म्हणा, ते दाखवायला एवढी खळखळ कशासाठी? असा सवाल आमच्याच वस्त्यांमधले शिकलेसवरलेले लोक करतात. 'आपण चोऱ्यामाऱ्या केल्या नाहीत, मग लपवायचे काय?' हे वाक्य तर कट्ट्याकट्ट्यावर ऐकू येते. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. म्हणूनच तो कायद्याच्या कसोटीवर घासून पाहणे आम्हाला गरजेचे वाटते.

आधी लायसन्सचेच पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३ नुसार सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवायची तर लायसन्स हवे. कलम १३० सांगते की गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाने ते तपासणीसाठी दाखवावे. कलम २०६ प्रमाणे काही ठरावीक कारणांसाठी पोलीस ते ताब्यात घेऊ शकतो. परंतु तशी पोच त्याला द्यावी लागते आणि त्या पोचेवर मुदतीपर्यंत गाडी चालवता येते. २०१८ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ बदलला आणि डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले लायसन्स मोबाईलवर दाखवणेही कायदेशीर झाले.

यातून काय दिसते? मागणारा कोण, हे ठरलेले आहे. कोणाकडे मागायचे, हे ठरलेले आहे. कशासाठी मागायचे, हेही ठरलेले आहे. आणि कागद काढून घेतला तर पोच देण्याचे बंधन आहे. गाडी घरी ठेवून पायी बाजारात निघालेल्या माणसाला कलम १३० लागूच होत नाही. थोडक्यात, लायसन्स हे माणसाचे कार्ड नाही, ते कामाचे कार्ड आहे. हा माणूस गाडी चालवण्यास लायक आहे, एवढेच ते सांगते.

राष्ट्रीय ओळखपत्राची जातकुळी वेगळी आहे. ते माणसाचे कार्ड आहे. तू कोणते काम करतोस हे ते विचारत नाही. तू कोण आहेस, हे सिद्ध कर असे ते म्हणते. आजही रस्त्याने चालणाऱ्या नागरिकाने ओळखपत्र जवळ बाळगलेच पाहिजे असे सांगणारा सर्वसाधारण कायदा या देशात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९ मध्ये अदखलपात्र गुन्ह्याच्या प्रसंगी नाव-पत्ता सांगण्याची गोष्ट आहे. तीही नाव-पत्ता सांगण्याची आहे, कार्ड दाखवण्याची नव्हे. तरीही नाकाबंदीत, लॉजवर, भाड्याच्या खोलीसाठी, सोसायटीच्या गेटवर आधार मागितले जाते आणि आपण निमूटपणे देतो. लायसन्सची सवय लागलेली आहे, म्हणून देतो.

ही सवय किती घातक ठरू शकते, याचा धडा इंग्लंडमध्ये एका मोटार चालकानेच दिला. दुसऱ्या महायुद्धासाठी म्हणून तिथे १९३९ च्या कायद्याने प्रत्येकाला ओळखपत्र दिले गेले. युद्ध संपले, पण कार्ड संपले नाही. डिसेंबर १९५० मध्ये लंडनमध्ये क्लॅरेन्स विलकॉक यांची गाडी पोलिसाने अडवली आणि ओळखपत्र मागितले. त्यांनी साफ नकार दिला. खटला झाला. खालच्या कोर्टाने दोषी धरले, पण शिक्षा न देता सोडले. १९५१ साली अपील फेटाळताना सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी पोलिसांनाच सुनावले. युद्धकाळातील सुरक्षेसाठी केलेला कायदा ऊठसूट वापरला, तर सरळमार्गी माणसेही कायदा मोडणारी ठरतील, असा त्यांचा आशय होता. फेब्रुवारी १९५२ मध्ये ती कार्डे रद्द झाली. इंग्लंडने २००६ साली पुन्हा ओळखपत्रांचा कायदा केला, तोही २०१० मध्ये मोडीत काढला.

आता याच १९५२ सालाकडे आपल्या बाजूने पाहा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणून अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. नोंदणी करा, हजेरी द्या, गावाबाहेर जायचे तर पास घ्या, असा तो कारभार. १९११ च्या कायद्याने नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे हवे तेव्हा घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. हा कलंक ऑगस्ट १९५२ मध्ये पुसला गेला, म्हणूनच या जमाती विमुक्त म्हणवल्या जातात. आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या सरकारने त्याच वर्षी काय केले? 'पास रद्द करण्याचा' कायदा असे गोंडस नाव देऊन प्रत्येक काळ्या माणसाच्या हाती आणखी जाडजूड ओळखवही दिली! १९६० साली शार्पव्हिलला त्या पासविरुद्ध जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन ६९ माणसे मेली. कार्ड कागदाचेच असते. पण ते कोणाच्या हातून कोणाकडे मागितले जाते, यावर त्याचा अर्थ ठरतो. साहेबाला विलकॉकच्या कार्डाची लाज वाटली. पारध्याच्या ठशाची वाटायला त्याच साहेबाच्या राज्याने इथे ऐंशी वर्षे घेतली नाहीत, असे कोण म्हणेल?

आपल्याकडे आजच्या ओळखपत्रांचा प्रवास असा झाला. २००३ च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात कलम १४-अ आले आणि प्रत्येक नागरिकाची सक्तीने नोंदणी करून राष्ट्रीय ओळखपत्र देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. २००९ मध्ये आधारचे प्राधिकरण स्थापन झाले. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात, पहिले आधार वाटले गेले. कायदा मात्र २०१६ साली झाला, तोही धन विधेयकाच्या वाटेने, म्हणजे राज्यसभेला बगल देऊन. सहा वर्षे कोट्यवधी लोकांचे ठसे आणि डोळ्यांच्या बाहुल्यांची छायाचित्रे घेतली, तीही संसदेचा कायदा नसताना. इथे कलम विचारले असते तर दाखवायला कलमच नव्हते!

या खटल्यात सरकारची बाजू मांडताना २०१५ साली सुप्रीम कोर्टात असे सांगितले गेले की, खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही. त्यासाठी १९५४ आणि १९६२ चे निकाल पुढे केले. त्यातला १९६२ चा खरकसिंग खटला काय होता? पुराव्याअभावी सुटलेल्या माणसाच्या दारावर पोलीस रात्री-अपरात्री थाप मारत होते, त्याविरुद्धची ती तक्रार होती. रात्रीची थाप कोर्टाने बंद केली. पाळत मात्र चालू ठेवली. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवरचा हा निकाल आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवा.

खासगीपणा हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असे म्हणणाऱ्यांनी १९१७ चे बडोदे आठवावे. परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना त्या शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरण्यासाठी तिथल्या वहीत पारशी नाव लिहावे लागले. ओळख उघड होताच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. त्या वहीत आणि आजच्या घरमालकाने मागितलेल्या झेरॉक्समध्ये फरक किती? आधार कायद्याने नोंदीतून जात आणि धर्म वगळले आहेत, हे खरे आणि चांगलेच आहे. पण महाराष्ट्रात आडनाव वाचले की जातीचा रकाना वेगळा लागतो का? आंतरजातीय लग्न करून घर सोडलेल्या जोडप्याचा पत्ता कोणाच्या हाती पडावा आणि कोणाच्या पडू नये, हा त्यांच्यासाठी जिवाचा प्रश्न आहे. लपवण्यासारखे काही नसलेली माणसेच सर्वात जास्त मार खातात, हा आमचा इतिहास आहे.

म्हणूनच बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्य आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना बेकायदा झडतीपासून संरक्षण देणारी तरतूद लिहिली होती. घटना समितीच्या कामकाजात बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी अशा हक्काला विरोध केला आणि घटनेत ती आली नाही. सत्तर वर्षांनी नऊ न्यायमूर्तींना त्याच हक्कापाशी यावे लागले.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्यांच्याकडे जन्माचा दाखला नाही, सातबारा नाही, शाळेचा दाखला नाही, अशा लाखो भूमिहीनांच्या हातात आधार हा पहिला सरकारी कागद पडला. बँकेत खाते निघाले, शिष्यवृत्ती थेट खात्यात येऊ लागली. ओळख मिळणे हा हक्कच आहे आणि आम्ही त्याच्या विरोधात नाही. आमचा आक्षेप, ओळख ही अट बनते तेव्हा आहे. ऊसतोड, बांधकाम, सफाई करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा कामाने झिजतात. यंत्रावर अंगठा जुळत नाही आणि रेशन दुकानदार हात वर करतो. २०१७ साली झारखंडमध्ये आधारशी न जोडल्यामुळे रेशनकार्ड रद्द झालेल्या घरातली एक शाळकरी मुलगी दगावली. घरच्यांनी भूक हे कारण सांगितले, प्रशासनाने मलेरिया. रेशन बंद झाले होते, हे मात्र कोणाला नाकारता आले नाही.

२६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात चार विरुद्ध एक मताने आधार टिकले. पण बँक खाते आणि मोबाईल सिमची सक्ती गेली, शाळाप्रवेशासाठी आधार अनिवार्य नाही हे स्पष्ट झाले, आणि खासगी कंपन्यांना मोकळे रान देणारा कलम ५७ चा भाग रद्द झाला. अंगठा जुळला नाही म्हणून कोणाचा लाभ नाकारला जाणार नाही, हे सरकारचे म्हणणे कोर्टाने नोंदवून घेतले. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी तर भिन्नमत देताना धन विधेयकाची वाट म्हणजे संविधानाशी प्रतारणा ठरवली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने बँका आणि मोबाईल कंपन्यांसाठी 'स्वेच्छेने' आधारचे दार पुन्हा किलकिले केले. ही स्वेच्छा काउंटरवर कशी चालते, ते वाचकांना सांगायला नको.

यातली सर्वात मोठी विसंगती २०२५ मध्ये बिहारने दाखवली. तिथे मतदार याद्यांची विशेष फेरतपासणी झाली, तेव्हा निवडणूक आयोगाच्या अकरा कागदांच्या यादीत आधार नव्हते. ८ सप्टेंबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने बारावा कागद म्हणून ते घ्यायला लावले, आणि ते ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नव्हे, हेही सांगितले. आधार कायद्याचे कलम ९ तेच सांगते. म्हणजे धान्य घ्यायचे तर हेच कार्ड पाहिजे आणि मत द्यायचे तर हेच कार्ड पुरत नाही! जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा शोधत फिरणाऱ्या आमच्या समाजाला या खेळाची चांगली ओळख आहे. कागद आपण आणायचा, आणि तो पुरेसा की अपुरा हे त्यांनी ठरवायचे.

आणि आपण त्यांचा कागद मागितला तर? माहिती अधिकार कायदा २००५ ने नागरिकाला तो हक्क दिला होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मधून जनहिताची कसोटी काढून टाकली. आता 'ही वैयक्तिक माहिती आहे' एवढे म्हणून अधिकारी हात झटकू शकतो. कलम ८(२) मधील जनहिताचा आधार अजून शिल्लक आहे, तो अर्जात आवर्जून लिहावा. दुसरीकडे २०२२ च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्या माणसाचे ठसे व इतर मोजमापे घेण्याची व्याप्ती वाढवली, आणि त्या नोंदी ७५ वर्षे जपण्याची सोय केली. सत्तेची गुपिते झाकलेली आणि नागरिक उघडा, अशी ही उलटी व्यवस्था आहे.

मग करायचे काय? कार्डे जाळण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. त्याने गरिबाचेच रेशन बंद होईल. आम्ही एवढेच म्हणतो की, प्रत्येक कार्डाला लायसन्सचा न्याय लावा. कोणत्या कलमाखाली मागता? मागणारे तुम्ही कोण? कशासाठी पाहिजे? आणि पोच कुठे आहे? झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर तारीख आणि कारण लिहा. जिथे चालते तिथे पहिले आठ आकडे झाकलेले आधार द्या. दुकानदाराने धान्य नाकारले तर नकार लेखी मागा आणि अन्न सुरक्षा कायदा २०१३ खालील जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवा. शाखाशाखांतून, विहाराविहारांतून वकील आणि विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दिवस बसून असे अर्ज लिहून दिले, तरी शेकडो घरांची चूल विझणार नाही.

चौकात लायसन्स दाखवणारा माणूस मान वर करून उभा असतो, कारण पोलिसाचा अधिकार जिथे संपतो ती रेषा कायद्याने आखलेली असते. रेशनच्या रांगेतला माणूसही तसाच उभा राहिला पाहिजे. संविधानाने राज्याला नागरिकाचा मालक नव्हे, उत्तरदायी केले आहे. म्हणून उद्या कोणी कार्ड मागितले, तर खिशात हात घालण्यापूर्वी एकदा तोंड उघडा.

जय भीम!