राफ्ट टाका, पण आधी खड्डा खणा!

मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय इंग्लिशमध्ये लिहिला असता तर माझ्या काकांना वाचता आला नसता, म्हणून हा खटाटोप.

दिवाळीत नेवासा तालुक्यात काकांकडे गेले होते. घर चारच वर्षांचं, पण खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघालेल्या. शेजारी चुलतभावाचं नवीन घर बांधायचंय. काका म्हणाले, "कॉन्ट्रॅक्टर म्हणतो राफ्ट टाकू, मग चिंता नाही. तू सिव्हिलला ना गं, सांग बरं." मी ऐटीत सांगून टाकलं, "हो काका, राफ्टच टाका. लोड सगळीकडे पसरतं."

हॉस्टेलवर येऊन पुस्तक उघडलं आणि घाम फुटला!

४० टनांचा कॉलम २ बाय २ मीटरच्या फुटिंगवर उभा केला की मातीवर दर चौरस मीटरला १० टन दाब येतो. माती तेवढं पेलत नसेल तर फुटिंग वाढवायचं. फुटिंगांनीच निम्मी जागा खाल्ली, तर सगळ्या इमारतीखाली एकच जाड स्लॅब टाकायचा. हा झाला राफ्ट. खचणाऱ्या मातीत उत्तम. पण आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, आणि तिचा वर ढकलणारा दाब १० टनांच्याही पुढे जाऊ शकतो. एकमजली घर राफ्टवर पसरलं तर खाली येतात जेमतेम २-३ टन. म्हणजे वजन पसरवून आपण मातीचं काम सोपंच करतो! त्यात एका बाजूला पाटाच्या पाण्यावरचा ऊस आणि दुसरीकडे कोरडं अंगण असलं, की घर एका कडेनं उचललं जातं.

याचा अर्थ राफ्ट वाईट असा नाही. काळी माती काढून खाली न फुगणाऱ्या मुरमाचा थर दाबून भरला, तर राफ्टही टिकतो. न फुगणाऱ्या मातीच्या थराचं हे तंत्र आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी विकसित केलं. माती खोल असेल तर रुरकीच्या सीबीआरआयचे अंडर-रीम्ड पाइल आहेत. खाली फुगीर बूड असलेले हे खांब साधारण साडेतीन मीटर खाली जातात, जिथे पावसाळा-उन्हाळ्याचा फरक फारसा पोचत नाही.

पण यातलं काय करायचं, हे खड्डा खणल्याशिवाय कसं कळणार? आपल्या जिल्ह्यात पारनेरच्या माळावर मुरूम लगेच लागतो, तर गोदावरी-प्रवरेकाठी काळी माती संपता संपत नाही. आणि आपण? प्रश्नपत्रिकेत "एसबीसी २० टन" दिलेलं असतं, ते लिहून मोकळे होतो. गावाकडेही एलिव्हेशनच्या टाइल्सना पैसे निघतात, माती तपासायला नाही.

खरं तर प्राथमिक टेस्ट किती सोपी आहे! १०० मिलीच्या दोन नळ्या, प्रत्येकीत १० ग्रॅम चाळलेली कोरडी माती, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. २४ तासांनी बघा. पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त फुगली तर सावध व्हा. माझी सूचना एवढीच : प्रत्येकानं सुट्टीत आपल्या गावची पिशवीभर माती आणावी आणि सरांनी शनिवारी लॅब उघडी ठेवावी.

काकांना फोन करून शब्द मागे घेतला. लाज वाटली, पण ते रागावले नाहीत. खड्डा सुरू केलाय म्हणाले. कालपर्यंत ७ फूट झाला, मुरूम अजून लागलेला नाही.