हलणारं चित्रपुस्तक



मे महिन्यात बेंगळुरूची भाची सुट्टीला निपाणीला आली होती. वय वर्षं आठ. शाळेत इंग्रजी आणि कन्नड, घरात मराठी; पण ते बोलण्यापुरतंच. गोष्टीचं पुस्तक पुढे केलं की म्हणते, "मावशी, तूच वाच ना."

एका दुपारी मी तिला मोबाईलवर 'एक अनेक और एकता' दाखवली. फिल्म्स डिव्हिजनची ही १९७४ ची छोटी फिल्म दूरदर्शनवर आमच्या पिढीने कितीदा पाहिली असेल! दिग्दर्शन विजया मुळे यांचं, ॲनिमेशन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाईंचं. जाळ्यासकट उडणारी पाखरं, जाळं कुरतडणारे उंदीर. भाचीला हिंदी फारसं येत नाही, तरी ती शेवटपर्यंत हलली नाही.

मला आमची गल्ली आठवली. दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ ला, पण आमच्या घरांत टीव्ही यायला ऐंशीचं दशक उजाडलं. सगळी मुलं एकाच घरात जमायची. हिंदी आम्हाला अर्धंमुर्धं कळायचं, शेजारच्या कन्नड मुलांचीही तीच गत. पण कार्टूनची जाहिरात लागली की सगळे एकदम हसायचे. जाड रेघ, सपाट रंग, मागे एखादंच झाड. जणू गोष्टीच्या पुस्तकातलं चित्रच हलू लागलंय!

त्यात काटकसरही होती. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते. एकेक चित्र दोनदा टिपलं, तरी ३० सेकंदांच्या जाहिरातीला ३६० चित्रं लागतात, आणि तेव्हा ती सगळी हातानेच काढायची. म्हणून मागचा देखावा एकच ठेवायचा आणि त्यावर पारदर्शक सेलवर काढलेली पात्रं बदलत राहायची. रेघा कमी, तितकं काम हलकं आणि चित्रही मुलांना चटकन कळणारं. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कलाकारांना शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या राम मोहन यांनी पुढे स्वतःच्या स्टुडिओतून कित्येक जाहिराती केल्या.

आता आपल्या मातीतल्या माणसाविषयी. शब्दांवाचून हसवणारे शि. द. फडणीस हे निपाणीजवळच्या भोजचे. जन्म २९ जुलै १९२५. त्यांचं 'मोहिनी'चं मुखपृष्ठ आठवतंय? त्याच्या शर्टावर मांजरं, तिच्या साडीवर उंदीर! महाराष्ट्राच्या शाळांतल्या गणिताच्या पुस्तकांनाही त्यांची चित्रं होती. आमच्या शाळा कर्नाटकात, त्यामुळे पुस्तकंही इथलीच. फडणीसांच्या चित्रांचं गणित मी पहिल्यांदा पाहिलं ते कागलच्या मामेबहिणीच्या दप्तरात. भोज आम्हाला हाकेच्या अंतरावर, आणि भोजच्या माणसाची चित्रं मात्र सीमेपलीकडच्या मुलांना! मी ते पुस्तक हट्टाने आठवडाभर मागून आणलं. गणितं एकही सोडवलं नाही. चित्रं मात्र सगळी पाहिली आणि चित्राखाली काय लिहिलंय म्हणून तेही वाचलं.

हे आठवलं आणि एक जुनी वही काढून भाचीपुढे ठेवली. पानांच्या कोपऱ्यात उंदीर काढायचा, दर पानाला थोडा पुढे, त्याच्यामागे मांजर. वीस पानं भरल्यावर अंगठ्याने भर्रकन सोडली, तर मांजर खरंच धावलं! तिने ते पन्नासदा तरी पळवलं. मग शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, इथे 'पळ' लिहायचंय. मराठीत कसं लिहितात?"

मी लिहून दिलं नाही. माळ्यावरची पाटी काढली आणि दोघी 'प' गिरवत बसलो.

मंडळी, परगावी वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती आपण आधी बाराखडी देतो आणि ती कंटाळली की हळहळतो. एकदा आधी चित्र देऊन पाहा. अक्षर ती स्वतःच मागायला येतील.

भेटूया पुढच्या महिन्यात!