यंदा कोकणात दिवसाउजेडी जा

बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड इथे अशी कितीतरी घरं आहेत, जी वर्षानुवर्षं कोकण रेल्वेनं गावाला जातात, पण ती वाट त्यांनी कधी पाहिलेलीच नाही. रात्री कोकणकन्या नाहीतर तुतारी पकडायची, जेवून झोपायचं आणि सकाळी कुडाळला उतरायचं. रजा वाचते हे खरं. पण रोह्यापासून पुढचा सगळा मुलूख अंधारात निघून जातो.

त्याच घरांतून आता स्वित्झर्लंडच्या सहलीसाठी पैसे साठवले जातात. जरूर जा. तिथली ग्लेशियर एक्स्प्रेस झेरमॅट ते सेंट मॉरिट्झ हे अंतर सुमारे आठ तासांत कापते, तेही दिवसा, कारण ती डोंगर बघण्यासाठीच धावते. माझी कळकळीची विनंती एवढीच, की हाच विचार आपल्या सह्याद्रीसाठीही करा. आणि तो पावसाळ्यात करा.

सकाळची मांडवी घ्या. मुलुंड-घाटकोपरवाल्यांना ठाणं जवळ, अंधेरीकरांना दादर. बोरिवलीहून तर २०२४ पासून आठवड्यातून दोनदा थेट मडगावची गाडीही आहे. काचेच्या छताचा विस्टाडोम डबा जनशताब्दीला आणि तेजसला असतो. तो छानच आहे, पण मला विचाराल तर मांडवीचा साधा स्लीपर बरा. खिडकी उघडता येते, ओल्या मातीचा वास आत येतो, आणि मांडवीतलं खाणं तर प्रसिद्धच आहे. तिकीट काढताना ‘साइड लोअर’ मागा. समोरासमोर दोघांना खिडकी मिळते. सोबत एक जुना टॉवेल ठेवा, पाऊस आत येणारच.

पहिल्या खेपेला मडगावपर्यंत जायचा अट्टहास नको, रत्नागिरी पुरे. चिपळूणला वाशिष्ठी भरून वाहत असते. उक्षीला रानपाटचा धबधबा गाडीतूनच दिसतो. लगेच पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. लहान मुलांना तो आधी सांगून ठेवा, नाहीतर एवढा वेळ अंधार बघून घाबरतात. रत्नागिरी सोडून पुढे गेलात तर पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल चुकवू नका. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ साली पूर्ण खुला झाला. त्याआधी गाव गाठायला एसटी होती, आणि त्याही आधी भाऊच्या धक्क्यावरून बोट. घरात बोटीनं गेलेलं कुणी थोरलं माणूस असेल तर त्यांना सोबत न्या आणि खिडकीशी बसवा. तुम्हाला ठाऊक नसलेल्या गोष्टी ते वाटेत सांगतील.

पावसाळ्यात या मार्गाचं वेळापत्रक वेगळं असतं. दरड कोसळण्याच्या भीतीनं गाड्यांचा वेग कमी ठेवतात, रुळांवर माणसं गस्त घालतात. उशीर झाला म्हणून चिडू नका, तो तुमच्याच जिवासाठी आहे. म्हणून त्याच दिवशी परतायचा बेत आखू नका. रात्री रत्नागिरीत मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी निघा. आणि दारात उभं राहून रील काढू नका. ओल्या पायरीवरून पाय सटकायला क्षण पुरतो.

एवढी सवड नसेल त्यांनी रविवारी सकाळी डेक्कन एक्स्प्रेसनं लोणावळ्यापर्यंत तरी जावं. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटात ३७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे, म्हणून कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. मुलांना आधी ते दाखवा, मग वडापाव घ्या.

गणपतीच्या दिवसांत हे जमणार नाही, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. जुलै किंवा ऑगस्टचा पहिला पंधरवडा धरा, शक्यतो आठवड्यातला मधला वार. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे जुलैच्या मध्याला निघायचं असेल तर मेच्या मध्यालाच तिकीट काढून मोकळे व्हा.