जहाजावरचा वाढदिवस : चैन नव्हे, औषध

जळगाव-धुळ्याचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. आपल्याला मुंबईचा समुद्र पाहायचा तरी जळगावहून रेल्वेने चारशे किलोमीटरांहून अधिक प्रवास. तरीही आपल्याकडची मुले व्यापारी जहाजांवर नोकरीला जातात आणि सहा-सहा, नऊ-नऊ महिने घरी येत नाहीत. त्यांचे आईवडील तपासणीसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा एक तक्रार हमखास निघते : ‘‘डॉक्टरसाहेब, पोराचा वाढदिवस होता, धड बोलणंसुद्धा झालं नाही. तो म्हणतो, जहाजावर कसला आलाय वाढदिवस!’’ आईला न झालेल्या बोलण्याचे दुःख असते. मला मात्र मुलाचे ते शेवटचे वाक्य अधिक काळजीचे वाटते.

मालवाहू जहाजावर साधारणपणे वीस-पंचवीस माणसे असतात. पहाऱ्याच्या कामाची नेहमीची पद्धत म्हणजे चार तास काम, आठ तास मोकळे आणि पुन्हा चार तास काम. रविवार असो की दिवाळी, हे चक्र थांबत नाही. जहाज पूर्वेकडे निघाले की घड्याळ अधूनमधून एकेक तास पुढे करावे लागते व तेवढी झोप कमी होते. प्रशांत महासागरात आंतरराष्ट्रीय वाररेषा पश्चिमेकडे ओलांडली, तर दिनदर्शिकेतला एक अख्खा दिवस गळतो. त्याच दिवशी एखाद्याचा वाढदिवस असला, तर त्या वर्षी ती तारीख त्याच्यासाठी उगवतच नाही. उलट दिशेने जाणाऱ्याला तीच तारीख दोनदा मिळते!

ऐकायला ही गंमत वाटते. पण वार, सण, वाढदिवस या मनाला आधार देणाऱ्या खुंट्या आहेत. त्या निखळल्या की सगळे दिवस सारखे होतात. मग जेवणाची गोडी जाते, झोप उडते, चिडचिड वाढते. म्हणून जहाजावर वाढदिवस साजरा करणे ही चैन नसून मनाचे औषध आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे औषध महाग नाही. जहाजाचा स्वयंपाकी केक करतो, कामावर नसलेली माणसे जेवणघरात जमतात आणि कप्तान व नवशिका पोरगा एका टेबलाशी बसतात. फिलिपिनो खलाशी वाढदिवसाला लांब शेवयांचा ‘पान्सित’ करतात. शेवया लांब, तसे आयुष्य लांब, ही त्यामागची भावना. आपण ‘औक्षवंत हो’ म्हणतो ते याहून वेगळे काय?

औषध म्हटले की पथ्य आलेच. पहिले पथ्य दारूचे. जहाजावरील मद्यपानावर आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे व अनेक कंपन्यांत पूर्ण बंदी असते. दुसरे झोपेचे. समारंभासाठी झोप मोडलेला माणूस यंत्रघरात स्वतःचा हात गमावू शकतो. तिसरे मोबाईलचे. डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जहाजमालकाने खलाशांना इंटरनेटची सोय द्यायची आहे. ही सोय चांगलीच. पण जेवण उरकून जो तो आपापल्या खोलीत मोबाईल घेऊन बसला, तर शेजारचा माणूस तुटतो.

कंपन्यांनाही एक सांगणे आहे. केक कापून छायाचित्र काढले म्हणजे कर्तव्य संपले नाही. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार खलाशाला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती दिली पाहिजे, आणि बारा महिन्यांच्या आत घरी परतण्याचा त्याला हक्क आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात जगभर सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. त्यांना केकपेक्षा परतीचे तिकीट हवे होते.

घरच्यांनी काय करावे? मुलाच्या कामाच्या वेळा विचारून फोनची वेळ ठरवावी. त्याची झोप मोडू नये. घरात कोणी आजारी असेल तर लपवू नये. मात्र बांधाचा वाद आणि कर्जाचा हप्ता त्या दिवशी नको. पूर्वीची माणसे वाढदिवस तिथीने करीत. तिथी व तारीख वेगळी पडली म्हणून औक्षण वाया गेले नाही. मुलगा सुटीवर येईल त्या दिवशी पाट मांडून निरांजन ओवाळले, तरी तो वाढदिवसच.

मुलांनी आपली तारीख लपवू नये. निघताना घरचा काळा मसाला बरोबर घ्यावा आणि वाढदिवसाला स्वयंपाक्याला सांगून सगळ्यांना शेवभाजी खाऊ घालावी. चार देशांच्या माणसांच्या डोळ्यांना पाणी आले, की दोस्ती पक्की!

शेवटी महत्त्वाचे. लांबच्या प्रवासावरील जहाजात शंभर माणसे असली तरच डॉक्टर ठेवणे बंधनकारक आहे. मालवाहू जहाजावर औषधपेटी एका अधिकाऱ्याकडे असते व सल्ला किनाऱ्यावरून मिळतो. म्हणून सोबत्यांनीच लक्ष ठेवायला हवे. कोणी दोन आठवडे उदास आहे, जेवण टाळतो आहे, स्वतःच्या वाढदिवसालाही दार लावून बसला आहे, तर त्याच्याशी बोला. ‘मी नसलेलाच बरा’ असे तो म्हणाला, तर त्याला एकटे सोडू नका व कप्तानाला ताबडतोब कळवा. इकडे घरी चिंतेने झोप लागत नसेल, तर शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

रक्तदाबाची गोळी आपण न चुकता घेतो. समुद्रावरच्या माणसाला वर्षातून एकदा ‘तू जन्मलास हे बरे झाले’ असे ऐकवण्याची मात्राही चुकवू नये.